माईंच्या स्मृतिनिधीसाठी वर्धेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

४ जानेवारी २०२२ रोजी, मंगळवारी रात्री, हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या आपल्या ‘माई’, सिंधुताई सपकाळ यांचे पुण्यात हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्याच्या दोनच महिने आधी राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारताना साऱ्या देशाने त्यांना पाहिले होते. पुढे शस्त्रक्रियेसाठी त्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हाही चार दिवसांनी माई पुन्हा व्यासपीठावर उभ्या दिसतील असेच सगळे धरून चालले होते. वय ७३ होते, पण त्यांच्या बाबतीत वयाचा विचार कोणी फारसा करीत नसे.

माई आपल्या शेजारच्या, पिंपरी (मेघे) गावच्या लेक. जन्म १४ नोव्हेंबर १९४८चा. नकोशी मुलगी म्हणून घरात ‘चिंधी’ म्हणून हाक मारली जाई, शिक्षण चौथीपर्यंत, तेही म्हशी राखता राखता आणि लगेच लग्न. सासरी नवरगावला वाचण्याची मुभा नव्हती, म्हणून किराणा बांधून आलेल्या पुड्यांचे कागद त्या जपून ठेवीत, कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून उंदराच्या बिळात दडवीत आणि घरात कोणी नसताना काढून वाचीत. त्याच गावात शेण गोळा करणाऱ्या बायकांना मजुरी मिळावी म्हणून त्यांनी तोंड उघडले आणि त्याची किंमत मोजली. दिवस भरलेले असताना घराबाहेर काढले गेले, गोठ्यात बाळंतपण झाले, नाळ दगडाने ठेचून तोडावी लागली. माहेरचे दारही बंद झाल्यावर रेल्वेच्या फलाटावर गाणी म्हणून भीक मागणे आणि रात्री स्मशानात निवारा शोधणे एवढेच उरले. पुढचा इतिहास वर्धेकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. चिखलदऱ्यातील मुलींचे वसतिगृह, आपल्या वर्ध्यातील अभिमान बालभवन, सासवडजवळ कुंभारवळणचे ममता बालसदन, मांजरीचे सन्मती बालनिकेतन ही त्या इतिहासाची ठिकाणे आहेत. आपले-परके असा भेद मनात येऊ नये म्हणून पोटच्या मुलीला त्यांनी पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या आधाराने वाढू दिले, आणि ज्या नवऱ्याने घराबाहेर काढले तो म्हातारपणी आसऱ्याला आला तेव्हा त्यालाही आपले थोरले मूल मानून ठेवून घेतले. हे औदार्य प्रत्येकाला झेपेल असे नाही, आणि तसा आग्रहही या पत्रात नाही.

आमचे म्हणणे वेगळे आणि अधिक व्यवहाराचे आहे. माईंनी एवढा संसार चालवला तो मुख्यतः व्याख्यानांवर. गावोगाव भाषण करायचे, बहिणाबाईंच्या ओव्या आणि सुरेश भटांच्या ओळी म्हणायच्या, लोकांना हसवता हसवता रडवायचे आणि शेवटी पदर पसरायचा. भाषण दिले तरच राशन मिळते, असे त्या स्वतःच हसत सांगत. त्या गेल्या आणि तो पदर गेला. संस्था त्यांच्या कन्या ममताताई आणि तेथेच लहानाची मोठी झालेली मुले सांभाळत आहेत, परंतु अनाथ मुलांसाठी समाजाकडे हक्काने मागणारा तो आवाज एका रात्रीत थांबला, आणि त्याची झळ केवळ त्यांच्याच संस्थांना नव्हे, तर अशा प्रत्येक मुलाला लागते.

मुलांच्या बाबतीत सर्वांत अवघड वळण वयाच्या अठराव्या वर्षी येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल बालगृहात राहू शकत नाही. त्यापुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. अठरा झाले म्हणून माईंनी कोणाला निरोप दिला नाही. खरा आधार तेव्हाच लागतो असे त्यांचे मत होते, आणि शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंत त्यांच्याकडे मुले राहिली. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बालगृहातून येणारी काही मुले दहावी-बारावीपर्यंत नियमित बसतात आणि मग अचानक येईनाशी होतात. चौकशी केली तर कोणी दुसऱ्या गावी हॉटेलात कामाला लागलेला असतो, कोणाला खोली मिळालेली नसते. राज्य शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षण लागू केले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र हाती नसेल आणि परीक्षेपर्यंतचे वर्ष-दोन वर्षे डोक्यावर छप्पर नसेल, तर त्या आरक्षणाचा उपयोग कागदापुरताच राहतो.

यासाठी वाचनालयाच्या कार्यकारिणीने माईंच्या नावे एक स्मृतिनिधी उभारण्याचे ठरविले आहे. माईंच्या संस्थांशी आमचा औपचारिक संबंध नाही आणि हा निधी त्यांच्यासाठी नाही, हे येथेच स्पष्ट करतो. त्या संस्थांना मदत करावयाची असल्यास ती थेट त्यांच्याकडेच करावी. आमचा निधी आपल्या जिल्ह्यातील बालगृहांतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या दोन वर्षांसाठी आहे. खोलीची अनामत व भाडे, मेसचे पैसे, प्रवेशशुल्क, परीक्षेचे अर्ज, पुस्तके एवढ्याच बाबींवर तो खर्च होईल, वाचनालयाच्या कारभारासाठी त्यातला एक पैसाही वापरला जाणार नाही, आणि जमाखर्च दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखविला जाईल.

एकरकमी देणगीचे स्वागतच आहे, पण आमची खरी विनंती दरमहाच्या ठरावीक रकमेची आहे, मग ती शंभर रुपये असली तरी चालेल. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा पंधरा ऑगस्टला बालगृहात गोड जेवण देणारे पुष्कळ असतात. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. मात्र एकाच दिवशी तीन ठिकाणांहून जिलबी येते आणि जूनमध्ये फी भरायला कोणी नसते, हेही दिसते. भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते.

पैशांखेरीज तीन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या पैशांहून दुर्मीळ आहेत. ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे त्यांनी ‘आईवडिलांना घेऊन ये’ ही अट बाजूला ठेवावी. हमी म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांची सही आम्ही देऊ. महसूल किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी आठवड्यातून एक सकाळ अनाथ प्रमाणपत्र, आधार आणि बँक खात्याच्या अर्जांसाठी द्यावी, कारण कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आणि दुकानदार, वर्कशॉपवाले, छापखानेवाले यांनी एखाद्या मुलाला संध्याकाळी अभ्यासाला सुट्टी मिळेल अशा बेताने काम शिकवावे.

दोन गोष्टी कृपया करू नयेत. फाटके, विटलेले कपडे आणू नयेत. आणि मदत देताना मुलांसोबत छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर टाकू नयेत. अशा मुलांची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. देणगीदाराचे नाव हवे असल्यास वाचनालयाच्या फलकावर लिहिले जाईल.

देणगी शक्यतो धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. वाचनालयाच्या वेळेत कार्यालयात नोंदवही ठेवलेली आहे. येत्या ४ जानेवारीला, माईंच्या स्मृतिदिनी, सायंकाळी वाचनालयाच्या सभागृहात त्या दिवसापर्यंत जमलेल्या रकमेचा हिशेब मांडला जाईल आणि पहिल्या तुकडीतील मुलांच्या राहण्याची व्यवस्था ठरविली जाईल. ज्यांना खोली, वेळ किंवा काम देणे शक्य आहे त्यांनी त्याआधी नाव नोंदवावे, म्हणजे त्या सभेतच जोडणी करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
वाचनालयाची कार्यकारिणी व अभ्यासिका समिती, वर्धा