मंदे, त्याला पायदळच हवंय

कराड,
८ जून २०२५

प्रिय मंदे,

दिवाळीनंतर तुला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. तुझा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत होते, मग करते म्हणाले आणि राहूनच गेलं. शिव्या दे, पण सावकाश दे, आधी हे वाच. फोनवर बोलायची सोय नाही, घरात कुणाचा ना कुणाचा कान असतोच. तब्येती ठीक. ह्यांची शुगर जिथल्या तिथे, माझा खांदा तसाच.

३० मेला आमच्या ओंकारची एनडीएची, म्हणजे सैन्याच्या प्रबोधिनीची, पासिंग आउट परेड झाली. खडकवासल्याला मी, हे आणि सासूबाई. पाऊस यंदा मे महिन्यातच आलेला, त्यामुळे मी तीन छत्र्या घेतल्या होत्या. गेटवरच्या जवानाने पिशवी तपासताना त्या एकेक उघडून बघितल्या. सासूबाई त्याला म्हणाल्या, "बाळा, जेवलास का?" त्याला हसू आलं, पण आवरलंन. फौजींचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिलिटरी अपशिंग्याची माहेरवाशीण, तिला गणवेशातला कुणीही परका वाटत नाही.

ह्यांचा इतिहासाचा तास गाडीतच सुरू झालेला. सुदान ब्लॉक दिसल्यावर तर विचारू नकोस. दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक सुदानसाठी लढले म्हणून तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले. मग फाळणी झाली, तीस हजार पाकिस्तानला गेले, सत्तर हजार आपल्याकडे राहिले, त्यातून ही इमारत. पाकिस्तानचं नाव निघाल्याबरोबर गाडीत सगळे गप्प झालो. मे महिना कसा गेला ते तुला वेगळं सांगायला नको. त्या चार दिवसांत हे रात्री उठून आवाज बंद करून टीव्ही बघायचे आणि मी झोपल्याचं सोंग करायचे.

परेडचं काय सांगू? तीनशेहून जास्त पोरं शेवटच्या टर्मची, सगळी एका मापाची. आमच्या ह्यांनी दुर्बीण आणली होती. अर्धा तास ज्याला बघून आम्ही टाळ्या पिटल्या तो ओंकार नव्हताच. शेजारच्या बाई पंजाबच्या, त्या हळूच म्हणाल्या, तो माझा आहे. मग त्याला दोघींनी वाटून घेतलं. मुलींची पहिली बॅच ह्याच वेळी बाहेर पडली, सतरा जणी. सासूबाईंना त्या बघायच्याच होत्या, पण चालताना कुठली पोर आणि कुठला पोरगा कळेना, तर म्हणाल्या, "मग एवढा गाजावाजा कशाला करतात?" माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग सलामी घ्यायला होते. चॅम्पियन स्क्वाड्रनचा बॅनर दुसऱ्यांकडे गेला, त्याचं ओंकारला अजून दुःख आहे. जेवताना दोनदा काढलं.

शेवटी ती पोरं संथ पावलं टाकत क्वार्टर डेकवरून बाहेर जातात. अंतिम पग म्हणतात त्याला. तोवर मी ठीक होते.

झालं काय, की मी मैदानाचं नाव विचारलं. खेत्रपाल परेड ग्राउंड. ह्यांना सगळं पाठ. अरुण खेत्रपाल इथलाच कॅडेट, जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं, १६ डिसेंबरला पाकिस्तानशी बसंतरच्या लढाईत रणगाड्यातच मारला गेला. वय २१. परमवीर चक्र. हे सांगताना ह्यांची छाती फुगलेली आणि मी मनात महिने मोजत होते. जून ते डिसेंबर.

परेडनंतर पोरगा धावत आला, आजीच्या पाया पडला. टोपी काढली तर कपाळावर सरळ रेघ, वर गोरा आणि खाली रापलेला. दोन रंगांचा मुलगा दिलाय परत. मी हसले आणि त्याच हसण्यात विचारलं, आता पुढे काय? म्हणाला, डेहराडूनला आयएमए, लष्कराची अकादमी, वर्षभर. आणि मग? "मग चॉइस भरायचा. मी पायदळच मागणार, जमलं तर मराठा रेजिमेंट." जेवायला काय आहे विचारावं तसं बोलला.

मंदे, मला त्याला सांगायचंय की सिग्नल्स माग. ईएमई माग. गाड्या दुरुस्त कर, वायरी जोड. तिथेही गणवेश तोच असतो, पगार तोच असतो. ह्यांच्यापाशी बोलले तर म्हणतात, "एक शब्द काढायचा नाही, पोराचं मन मोडेल." सासूबाई म्हणाल्या, "रडायचं तर न्हाणीघरात, पाणी सोडून." गावात फ्लेक्स लागलाय, सत्कार ठरलाय, फेटा बांधणाऱ्याला ॲडव्हान्सही दिलाय. आणि मी म्हणू, मला भीती वाटते? सगळे अभिमान अभिमान करतात. मलाही आहे गं. दोन्ही एकाच घशात अडकलंय.

म्हणून तुला लिहितेय. तुझा दादा कारगिलला होता तेव्हाचे ते दोन महिने आठव. टायगर हिल घेतल्याची बातमी आली त्या दिवशी मी पेढे घेऊन आले आणि तू डबा न उघडता परत दिलास. आपण गणपतीपर्यंत बोललो नव्हतो. त्या वेळी मला वाटलं, काय शिष्ट आहे! अजूनही वाटतं, एक पेढा खाल्ला असतास तर काय झालं असतं? चितळ्यांचे होते. पण तू फोनजवळून उठत नव्हतीस ते हल्ली आठवतं.

तर दादाला विचारशील? माझं नाव घेऊ नकोस, की घे, तो कुठे बोलणार आहे! एवढंच विचार, की आईने असं बोलावं का. तुमच्या आईने त्याला काही म्हटलं होतं का भरतीला जाताना? आणि म्हटलं असेल तर त्याने ऐकलं का, नसेल ऐकलं तर मनात ठेवलं का? हे शेवटचं नीट विचार. तो थट्टेवारी नेईल, तेव्हा जेवण झाल्यावर विचार, पान लावताना. ओंकार सुटीवर आहे तोवर कळलं तर बरं. समोर बसवून बोलता येईल, नाहीतर गप्प बसायचं तर ते तरी ठरवून बसेन.

तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन केलंस की अजून तेल चोळतेस? सोनलच्या सासूबाई निवळल्या का? सविस्तर लिही, मी काही विचारायचं राहिलं असेल तेही लिही.

सत्कार २२ तारखेला, रविवारी. ये. गाडी कराडला साडेनऊला येते, हे घ्यायला येतील. आणि पेढे असतील, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
सुनी