दिग्या, नंदू म्हणाला तुझं बरोबर होतं

ग्लासगो,
रविवार, रात्र

प्रिय दिग्या,

आधी खाली बस. वर लिहिलंय ते शब्द नंदूचेच आहेत. परवा शुक्रवारी स्टर्लिंगच्या किल्ल्यात, दोन्ही हात मागे बांधून, मान वर करून म्हणाला, "दिग्याचं बरोबर होतं." मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणाला, "छपराबद्दल."

हे मी इथे सांगू कुणाला? हिला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, मिटलं एकदाचं. त्या रात्री रायगडावर काय झालं होतं ते तिला काय माहीत! तुला आनंद होईल, व्हायलाच हवा. मला मात्र तेव्हापासून नीट झोप नाही.

आम्ही दोघंच गेलो होतो. त्याची लेक बाळात अडकलेली, जावई कामावर, आणि हा दिवसभर खिडकीशी. म्हटलं चल, इथला एक खरा किल्ला दाखवतो. क्वीन स्ट्रीटहून गाडी पकडली, पाऊण तासाच्या आत स्टर्लिंग. हिने दिलेला धपाट्यांचा डबा त्याने गाडी सुटायच्या आत उघडला आणि समोर बसलेल्या आजीबाईंनाही एक खायला लावलं. इथपर्यंत अगदी आपलाच नंदू.

स्टेशनातून बाहेर पडलं की गाव चढतच जातं आणि शेवटच्या टोकाला किल्ला. रस्ता फार नाही, पण नंदू सारखा थांबत होता. होली रूड चर्चपाशी थांबला, का तर 1567 मध्ये सहाव्या जेम्सला तिथे राज्याभिषेक झाला, तेव्हा तो तेरा महिन्यांचा होता. पुढे कातळ लागला तर त्यावर हात ठेवून उभा. "आपल्यासारखाच काळा दगड, पण आपल्याहून म्हातारा. हा सुमारे 30 कोटी वर्षांचा, आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा." मास्तर माणूस, थांबणारच, असं मनात म्हणत मी शेजारी उभा राहत होतो.

फाटकाबाहेर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा पुतळा आहे. 1314 मध्ये बॅनकबर्नची लढाई जिंकून त्याने हा किल्ला घेतला आणि लगेच पाडून टाकला, पुन्हा इंग्रजांच्या हाती लागून त्यांनी तिथे ठाण मांडू नये म्हणून. आज दिसतं त्यातलं बहुतेक बांधकाम नंतरचं, 1490 ते 1600 या काळातलं. नंदू खूश. दरवाजा समोरून सरळ दिसतो, आपल्यासारखा बुरुजांत लपवलेला नाही, म्हणून त्याने किल्ल्याचे मार्कही कापले. 1507 मध्ये एका किमयागाराने पिसांचे पंख लावून याच तटावरून उडी मारली आणि मांडी मोडून घेतली, ही गोष्ट वाचल्यावर आम्हा दोघांच्या तोंडून एकदम तुझं नाव निघालं. वाईचा घाट, तुझ्या काकांची छत्री. दोन गोरे वळून बघायला लागले एवढे हसलो.

मग ग्रेट हॉल. सगळा किल्ला करडा आणि मधोमध ही इमारत पिवळीजर्द. चौथ्या जेम्सने 1503 च्या सुमारास बांधून घेतलेली. पुढे सैन्याने तिच्यात मजले घातले, भिंती घातल्या, बराक करून टाकली. 1964 मध्ये सैन्य गेल्यावर दुरुस्ती सुरू झाली ती 1999 पर्यंत चालली. ओकच्या लाकडाचं आख्खं छप्पर नव्याने चढवलं, बाहेरून चुन्याचा सोनेरी रंग दिला. करड्या दगडाला सरावलेल्या गावकऱ्यांपैकी कितीतरी जणांना तो रंग तेव्हा मुळीच रुचला नव्हता. आत गेलास तर वेडा होशील. एवढा लांबरुंद दरबार, आणि वर छपराचं ते लाकूडकाम. 1594 मध्ये राजपुत्राच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात इथे मासे चक्क एका लाकडी जहाजातून आणले होते. तू असतास तर सुकाणू सोडलं नसतंस.

मला वाटलं आता नंदू पेटणार. ढिगातला एक दगड उचलून दुसऱ्यावर ठेवायचा नाही, पडकं ते पडकंच राहू द्यायचं, या एका गोष्टीसाठी त्याने तुझ्याशी बोलणं सोडलं. राजसभेत नगारखान्यापाशी उभे राहून तुम्ही एकमेकांना जे बोललात ते पार सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू येत होतं, मी तिथेच बसलो होतो. तू म्हणत होतास, वर छप्पर आल्याशिवाय पोरांना दरबार कळायचा नाही. तो म्हणत होता, ज्या छपराचा पुरावा नाही ते छप्पर म्हणजे नाटकाचा पडदा. माझं मत तेव्हाही नंदूच्या बाजूचं होतं आणि आजही आहे. आणि तोच माणूस त्या छपराखाली उभा राहून, पुरावा, नोंदी, लाकूड कुठून आणलं, यातलं काही म्हणजे काही न विचारता म्हणतो, दिग्याचं बरोबर होतं! दिग्या, नंदूने आजवर कधी हार मानली आहे? कॅरममध्ये तरी?

जेवण झाल्यावर वॉलेस स्मारकाला जायचा हट्ट त्याचाच. नदीपलीकडच्या टेकडीवर 67 मीटरचा मनोरा, 246 पायऱ्या, गोल आणि अरुंद. खालून नदीकडे बोट दाखवून त्याने 1297 ची लढाई सांगितली. पूल इतका चिंचोळा की दोन स्वार जेमतेम शेजारी मावतील. अर्धं इंग्रज सैन्य अलीकडे येऊ दिलं आणि मग वॉलेस आणि मरे हे स्कॉटलंडचे सेनानी तुटून पडले. "म्हणजे आपली उंबरखिंडच की," म्हणाला. तोंडावर तेज होतं. मग चढायला लागलो.

वॉलेसची म्हणून जी तलवार तिथे ठेवली आहे, त्या दालनात तो थांबला. थांबला तो थांबलाच. काचेवर तळहात टेकलेला, बघणं तलवारीकडे, पण डोळे मिटलेले. ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि वाऱ्यामुळे मी तर कोट घालून होतो. विचारलं तर म्हणाला, "बघू दे रे जरा नीट." बऱ्याच वेळाने म्हणाला, "तू जा वर, मी आहे इथे." तोरण्यावर आपली ओझी स्वतःच्या पाठीवर घेणारा नंदू! मी वर गेलो नाही. त्याला बाकावर बसवलं. तेव्हा तो बोलला. दिवाळीपासून असं होतंय. जिना चढला की छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, बसलं की जातं. कुणाला बोललेला नाही. वहिनी असत्या तर हे दिवाळीलाच बाहेर आलं असतं. आत्ताच्या आत्ता इथल्या इस्पितळात जाऊ म्हटलं तर, घरी गेल्यावर बघू. शेवटी म्हणाला, "दिग्याला कळवू नकोस." त्यावर मी हो म्हटलेलं नाही.

म्हणून मला ते छपराचं बोलणं आवडलं नाही. उरलेली कामं आवरून ठेवावीत तसं बोलला तो. भांडला असता तर मी निश्चिंत घरी आलो असतो.

त्याच्या लेकीला मी उद्या सकाळी सांगतोय, विमानाआधी त्याला डॉक्टर दाखवायचाच. पण ती फार तर विमानात बसवेपर्यंत पाहील. पुढे साताऱ्याचं रिकामं घर. आणि ऐक, पाऊस सुरू झाला की शाळेची पोरं घेऊन तोरण्याला जायचं पक्कं करून आलाय! किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून त्याला वाटतं, आता दर पावसाळ्यात पोरांना वर नेणं हे त्याचं कर्तव्यच.

तो पुढच्या शनिवारी पहाटे मुंबईत उतरतोय. घ्यायला तू जा. आधी फोन करू नकोस, नको म्हणेल. नुसता समोर उभा राहा. वाटेत घरी जायचं नाही, थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे, इसीजी, इको, सांगतील ते सगळं. तुझ्याशिवाय कुणाचं तो ऐकणार नाही. तुमच्या भांडणात मी कुणाची वकिली कधी केली नाही, हे तुला माहीत आहे. ही मागतोय ती माझ्यासाठी.

माझी साखर आटोक्यात, हिचे गुडघे तसेच. सोनूचं जमलं का? हळदीला भाव काय मिळाला? अप्पांचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही, की फोनच कर.

तुझा,
विन्या

ता. क. गाडीत छपराचा विषय तू काढू नकोस. त्याला काढू दे. आणि काढलाच, तर त्याचं ऐकून घेऊ नकोस, भांड.