हिरवा दिवा म्हणजे निदान नव्हे

महोदय,

‘किरण नाहीत, वेदना नाहीत’ अशी स्तनाची विद्युत-तपासणी (त्वचेवर इलेक्ट्रोड लावून, सौम्य प्रवाह सोडून ऊतींचा विद्युतरोध मोजणे) शिबिरांत मॅमोग्राफीऐवजी, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेऐवजी, खपवली जाऊ नये. तत्त्व खोटे नाही. पेशीचे आवरण कपॅसिटरसारखे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखे) वागते: कमी वारंवारतेचा प्रवाह पेशीला वळसा घालतो, जास्त वारंवारतेचा आरपार जातो. गाठीत हे गणित बदलते. फ्रिक आणि मोर्स या संशोधकांनी ते १९२६ मध्येच नोंदवले होते.

घोडे अडते मोजणीत. दोनच इलेक्ट्रोड असले तर त्वचा आणि इलेक्ट्रोड जिथे टेकतात तिथला रोधही (संपर्करोध) आकड्यात मिसळतो. म्हणून चार हवेत: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. जेल सुकले की संपर्क बिघडतो. मुंबईच्या दमट हवेत उलटेच. घामाची ओल दोन इलेक्ट्रोड जोडते आणि रोध खोटाच कमी दिसतो. शिवाय मासिक पाळीनुसार ऊतींतले पाणीही बदलते, ते वेगळेच.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) १९९९ मध्ये टी-स्कॅन या अशाच यंत्राला मान्यता दिली, तीही मॅमोग्राफीला पूरक म्हणून. आयोजकांना विचारावे: इलेक्ट्रोड किती, वारंवारता कोणत्या, ठरावीक रोध जोडून यंत्र शेवटचे कधी तपासले? आणि गाठ हाताला लागत असेल तर यंत्र काहीही म्हणो, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरजेनुसार बायोप्सी टाळू नये.

— एक जैववैद्यकीय तंत्रज्ञ, परळ, मुंबई