मांजराला इजा, धाक बायकोला

पिल्लाला दगड मारणाऱ्या पोराकडे आपण ‘खोडकर वय’ म्हणून काणाडोळा करतो. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७५१ मध्येच चित्रमालिकेतून दाखवले होते: आधी कुत्र्याचा छळ, मग घोड्याला मारहाण, मग खून. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेला मात्र प्राण्यांवरील क्रौर्याची स्वतंत्र नोंद ठेवायला २०१६ उजाडले! असे प्रत्येक मूल गुन्हेगार होते, असे मुळीच नाही. कित्येकदा ते स्वतःच घरी मार खात असते. बायकोला धाकात ठेवण्यासाठी तिच्या लाडक्या मांजराला इजा करणारे नवरेही असतात, आणि त्या मांजरापायी तिचा पाय घरातून निघत नाही. जखमी जनावर तपासणाऱ्या पशुवैद्यांनी घरातल्या माणसांचीही विचारपूस करावी.

– एक वाचक