आर्द्रतेचे आकडे न चुकता येताहेत, काका

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

देवगडच्या कलमांत लावलेल्या आमच्या हवामानाच्या पेटीने या मोसमात एकही दिवस चुकवला नाही. मोहोरावर भुरी आणि करपा कधी चढेल, याचा अंदाज बागायतदार आर्द्रतेच्या आकड्यांवरून बांधतात आणि फवारणी आज की उद्या हे ठरवतात. आकडा आलाच नाही तर पेटी नुसती अडगळ. म्हणून हे आभार सगळ्यांदेखत.

सेन्सर पेटीतून काढून फांदीवर नेला, तेव्हापासून वाचन तुटायला लागलं होतं. जो येईल तो खाऱ्या हवेला दोष देत होता. कनेक्टर बदलून झाले, ग्रीस लावून झालं. तुम्ही आलात आणि काही न बदलता ऑसिलोस्कोपचा प्रोब क्लॉकच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या, तारेला लावलात. पडद्यावर चौकोनी लाट नव्हतीच, करवतीचे दात होते. डिव्हाइस ट्रीमधला, म्हणजे लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमधला, ४,००,००० हर्ट्झ हा ठोक्यांच्या वेगाचा आकडा वाचून तुम्ही विचारलंत, "गो, तू मागलंस तितकाच तारेवर इला काय?"

आयटूसीवर, म्हणजे सेन्सर ज्या दोन तारांवर बोलतो त्या पद्धतीत, चिप तार फक्त खाली ओढते. वर नेतो तो पुरवठ्याला जोडलेला पुलअप रेझिस्टर. तार लांबली की कपॅसिटन्स, म्हणजे तारेची विद्युतभार साठवायची क्षमता, वाढतो आणि वर चढायला उशीर होतो. हे मी वाचलेलं होतं, पण तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आकडे घातलेत तेव्हा ते खरं कळलं. ४.७ किलोओहम, २०० पिकोफॅरड, गुणिले ०.८४७३ (३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत चढण्याचा गुणक) : वर चढायला जवळपास ८०० नॅनोसेकंद. १०० किलोहर्ट्झला १,००० नॅनोसेकंदांपर्यंत चालतं, ४०० ला फक्त ३००. सेन्सर स्वतः ३.४ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा बीएमई२८० असला, तरी त्याचा इथे काय उपयोग!

दीड किलोओहमचा रेझिस्टर लावला असता तर वेळ २५४ वर येऊन ४०० किलोहर्ट्झसुद्धा बसलं असतं, हेही तुम्हीच दाखवलंत. पण दर दहा मिनिटांनी चार आकडे वाचायला एवढी घाई कशाला, हा तुमचा प्रश्न मला फार पटला. शिवाय वेळेसाठी डीएस१३०७ ही घड्याळाची चिप त्याच तारांवर बसवायची होती आणि ती मुळात १०० किलोहर्ट्झच्या वर चालतच नाही. बसवर, म्हणजे या सामायिक तारांवर, सगळ्यांत सावकाश जो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. म्हणून वेग १०० वर उतरवला.

मग ड्रायव्हर. एवढ्यावर थांबला असतात तरी आमचं काम झालं होतं. पण तुम्ही लिनक्समधला बीसीएम२८३५ या रास्पबेरी पायच्या चिपचा आयटूसी ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, उघडून बसलात. चिपच्या मूळ क्लॉकला भाजकाने भागून तारेवरचा वेग मिळतो; मूळ क्लॉक २५० मेगाहर्ट्झ असेल आणि ४०० किलोहर्ट्झ मागितले, तर भाजक येतो ६२५. हार्डवेअर विषम भाजक मानत नाही, शेवटचा बिट सोडून देतं. म्हणून ड्रायव्हर तो ६२६ करतो आणि तारेवर ३९९.३६ किलोहर्ट्झ येतात. ६२४ केला असता तर मागितल्यापेक्षा जास्त वेग गेला असता. मागणी ही कमाल मर्यादा समजायची, ती ओलांडायची नाही. कोडमधली ती एक ओळ कुणीतरी किती विचार करून लिहिली आहे, हे तुम्ही ज्या आनंदाने सांगितलंत तो आनंद मला कुठल्याही वर्गात भेटला नव्हता. आता मी दुसऱ्याचा ड्रायव्हर वाचते तेव्हा आधी भाजक कुठल्या बाजूला सरकवलाय ते बघते. मूळ क्लॉक मध्येच बदलला तर भाजक पुन्हा काढतात का, तेही.

या सगळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा उभ्याउभ्याच घेतलात. काकूंनाही माझा नमस्कार सांगा; त्या संध्याकाळी तुम्हाला घरी जायला बराच उशीर झाला होता.

दोन बागायतदार पेटी मागताहेत. त्यांच्याकडे तार आणखी लांब लागणार आहे, म्हणून मोहोर येण्याआधी गणित मांडून तुमच्याकडे घेऊन येते. तपासून द्याल ना?

तुमची,
वाडीतली शेजारीण