दरवेळी पाठीचाच फोटो का?

संपादक महाशय,

जागतिक फोटोग्राफी दिनाची तुमची पुरवणी वाचली, आवडली, पण अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या चौकटीत परत तोच फोटो, चाबकाच्या वळांनी भरलेली उघडी पाठ. फोटो जबरदस्त आहे, वादच नाही. लुइझियानातल्या मळ्यावरून पळालेला गॉर्डन (काही जण त्याचं नाव पीटर सांगतात) यादवी युद्धात १८६३ला बॅटन रूजच्या युनियन, म्हणजे उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत पोचला, तिथे हा फोटो निघाला, त्याच्या कार्डाएवढ्या प्रती उत्तरेत पसरल्या आणि ४ जुलैला हार्पर्स वीकलीने त्यावरून लाकडी ठसा कोरून चित्र छापलं, कारण तेव्हा पेपरात डायरेक्ट फोटो छापायची सोयच नव्हती. आमचे गुलाम मजेत आहेत म्हणणाऱ्या मळेवाल्यांना मग उत्तर सुचेना.

पण गुलामगिरीविरोधी चळवळ काय नुसत्या जखमा दाखवून चालली नव्हती हो. त्या चळवळीतली वक्ती सोजर्नर ट्रुथ घ्या. जन्म गुलामीतला, लिहितावाचता येत नाही, आणि १८६४ला ही बाई स्वतःच्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर घेते, जे आज भल्याभल्यांना जमत नाही! डोक्याला पांढरी टोपी, अंगावर शाल, हातात विणकाम, खाली छापलेलं की देह जगवायला मी ही सावली (म्हणजे हा फोटो) विकते. सभांमधून ती कार्डं विकून बाईंचा खर्च निघायचा. गुलामीतून पळून येऊन चळवळीचे पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे तर १६०च्या आसपास फोटो सापडलेत, म्हणजे लिंकनपेक्षा जास्त, कडक कोट, नजर रोखलेली आणि हसायचं नाही हे ठरवूनच बसलेले, कारण तेव्हाच्या व्यंगचित्रांत काळा माणूस कायम दात काढतानाच दाखवायचे. त्यांनी फोटोग्राफीवर भाषणंसुद्धा दिलीत. आपल्या जोतिरावांनी १८७३ला 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, त्यांच्याच लढ्यातली ही माणसं.

आणि त्याच कॅमेऱ्याची दुसरी बाजू पण बघा. १८५०ला साउथ कॅरोलायनात हार्वर्डच्या अगासी नावाच्या प्रोफेसरसाठी रेंटी नावाचा गुलाम आणि त्याची मुलगी डेलिया यांना फोटोसाठी कपडे उतरवून उभं केलं, का तर काळे लोक वेगळ्या वंशाचे, हे सिद्ध करायला. त्यांना कोण विचारतंय! म्हणजे प्रश्न फोटो किती भयानक आहे हा नाही, तो कोणाच्या मर्जीने निघाला हा आहे, आणि आपले पेपर नेमकं हेच सोडून देतात, दरवेळी पाठ छापतात आणि डग्लस यांचा चेहरा राहून जातो.

तर पुढच्या वेळी चौकट करणारच असाल तर ट्रुथबाईंचा विणकामाचा फोटो घ्या, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतो. आणि पाठीचा फोटो टाकायचाच असेल तर खाली गॉर्डन असं नाव तरी लिहा, यावेळी तुम्ही नुसतं 'एक गुलाम' छापलंय.

आपला एक जुना वाचक, सांगली