वादळाकडे डोळे लावून

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल बाबांनी फोनवर विचारलं, "तुझ्या मोबाइलवर काय म्हणतंय गं पाऊस?" तो प्रश्न रात्रभर मनातून गेला नाही. लहानपणी तुम्ही मला बांधावर उभं करून आभाळ दाखवायचात. कुठला ढग पाण्याचा, कुठला नुसता फिरस्ता, वारा कुठून सुटला की घर गाठायचं, सगळं तुमच्याकडून शिकले. आता पावसाची वाट बघून बघून, बाबा, तुम्ही वर बघणंच सोडलंय, असं आई सांगते. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही "बरं, बरं" करून ठेवून देता.

समुद्रात एक वादळ उठलंय, ते मी मोबाइलवर दिवसातून चार-पाचदा बघते. साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेल्या पाण्याच्या वाफेवर ते पोसतं. जमिनीवर चढलं की ती वाफ तुटते, वारा पडत जातो. पाऊस मात्र त्यानंतरही खूप आतपर्यंत येऊ शकतो. आपली सगळी आशा त्या थकलेल्या वादळावर आहे.

आई, तू म्हणालीस, "येऊ दे एकदाचं जोराचं." तसं नको म्हणूस. पाऊस वाऱ्याच्या जोरापेक्षा वादळ किती रेंगाळतं यावर ठरतो. २००१ साली अमेरिकेत टेक्सासवर आलेलं अ‍ॅलिसन कधीच मोठं चक्रीवादळ झालं नाही, पण ते तिथेच घुटमळलं आणि काही भागात हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडलं. ह्यूस्टन बुडालं. आणि किनाऱ्यावरही कुणाचे तरी आई-बाबा राहतात. २०१२ मध्ये आयझॅक वादळाने लुइझियानात घरं पाण्याखाली घातली आणि तेच पुढे आत सरकून आर्कान्सा, मिसूरी, इलिनॉयच्या दुष्काळी शेतांवर बरसलं. मक्याला तोवर उशीर झाला होता, जमिनीला मात्र ओल मिळाली. हे वाचल्यापासून मी जोर मागत नाही. वारा निवलेलं, संथ चालीचं, दोन दिवस रिपरिपणारं असं काहीतरी मागते. असं मागता येतं की नाही, देव जाणे.

एक भीती मात्र सांगायलाच हवी. वादळ जवळून जाईल आणि पाऊस पलीकडेच पडेल, असंही होतं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ली वादळाचा पाऊस लुइझियानाला मिळाला. शेजारच्या टेक्सासच्या वाट्याला कोरडा वारा आला आणि त्याने वणवे भडकले. म्हणून बाबा, बांधावरचा वाळलेला पाला या आठवड्यात अजिबात पेटवू नका. आभाळ कितीही भरून आलं तरी.

आणि पडलाच, तर पेरायची घाई करू नका. हे मी तुम्हाला सांगावं असं नाही, पण इतके दिवस वाट बघितलेल्या माणसाचा हात पहिल्या सरीलाच बियाण्याकडे जातो. जमीन तापून दगड झालीय, पहिलं पाणी वरच्या वर पळेल. उताराला आडव्या सऱ्या तेवढ्या काढून घ्या. पाऊस थांबला की वीतभर उकरून बघा, तिथवर ओल गेली असेल तरच वापशाची, म्हणजे चिखल सुकून माती भुसभुशीत होण्याची, वाट बघा आणि मग पेरा. नसेल तर बियाणं घरातच राहू दे. या वर्षी पेरलं नाही म्हणून तुम्ही कुठे कमी पडलात असं कुणी म्हणणार नाही. मी तर नाहीच नाही.

या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी बादलीने पाणी घालून झाडं जगवलीत. मी काल हिशोब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर, तुमच्या दहा लिटरच्या चारशे बादल्या. म्हणून आई, अंगणात मोकळ्या जागी, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, एक सरळ कडांचा डबा ठेव आणि तो वाऱ्याने कलंडणार नाही असा दगडांत बसव. वारा पूर्ण पडला की पट्टी घालून मोज आणि मला कळव, पाच मिलिमीटर असला तरी. त्याआधी बाबांना घरात घे. ते भिजत उभे राहतील, मला माहीत आहे.

तुमची लेक